कडेवर मूल असताना पुसायचं नाही

झोपलेल्या बाळाच्या मानेखालून आपला हात काढून घेणं ही एक विद्या आहे. आधी बोटं सैल करायची, मग मनगट, मग कोपर. मधेच बाळाने उसासा टाकला तर जिथे असाल तिथे पुतळा. त्या आठवड्यात ती ही विद्या दिवसातून चार वेळा वापरत होती आणि चारांतून तीन वेळा नापास होत होती. गंमत अशी, की पोटासाठी ती नेमकं हेच काम करायची. काहीही न तोडता अलगद सुटं होण्याचं. त्यात ती पटाईत आहे असं तिचं स्वतःचं मत होतं. ही गोष्ट संपेपर्यंत त्या मताचं फारसं काही उरलं नाही, पण बुधवारी दुपारी ते चांगलं धडधाकट होतं.

ती ज्या संस्थेत होती तिथे नद्यांच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या जात. साठ वर्षं, रोज सकाळ-संध्याकाळ, कुणी ना कुणी काठावर उभं राहून पाण्यात रोवलेल्या रंगीत खांबावरचा आकडा वाचत आलं होतं आणि वहीत उतरवत आलं होतं. थंडी असो, ताप असो, घरात भांडण असो. त्या सगळ्या वह्यांच्या पानांचे फोटो एका यंत्रात ठेवलेले होते आणि ते यंत्र आता म्हातारं झालं होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ते कायमचं बंद करायचं ठरलं होतं. त्याआधी सगळी पानं नव्या यंत्रात आणायची, हे काम तिच्याकडे होतं. बाळंतपणाच्या रजेनंतरचं पहिलं मोठं काम, आणि तेही घरून.

"झेपेल ना?" मोठ्या बाईंनी फोनवर विचारलं होतं. मोठ्या बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. हुद्द्याने मोठ्या, उंचीने तिच्या खांद्याइतक्या. "नसेल झेपत तर मोकळेपणाने सांग हं. तुला काहीतरी हलकं देते. हे झटपट करेल."

'हलकं' म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. आलेल्या तक्रारींना 'आपली तक्रार मिळाली' असं उत्तर पाठवत बसायचं. एकदा हलक्यावर गेलेलं माणूस परत जडावर आलेलं तिने पाहिलं नव्हतं. आणि झटपट हे तिच्या पलीकडच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं टोपणनाव. जगातली प्रत्येक गोष्ट जेवणाच्या सुट्टीआधी संपली पाहिजे असा त्याचा बाणा. पानांबद्दल तर तो आधीपासून म्हणत होता, "शेवटची दहा वर्षं उचला आणि मोकळे व्हा. आधीची पन्नास कोण बघतंय?"

"झेपेल की," ती बाईंना म्हणाली होती. त्या वेळी तिच्या केसांत एक कंगवा अडकलेला होता, आणि तो सकाळपासून तिथे होता की कालपासून, हे तिला सांगता आलं नसतं.

कामावर तिला सगळे खिडकीबाई म्हणत, कारण तिच्या स्क्रीनवर कधीही पाहिलं तरी काळ्या खिडक्यांची रांग लागलेली असे. काळी खिडकी म्हणजे टर्मिनल. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, आणि कुठलंतरी दूरचं यंत्र मुकाट्याने ऐकतं. त्या दूरच्या यंत्रावर 'सेशन' नावाची एक खोली उघडता येते. खोलीला नाव द्यायचं, आत काम लावून द्यायचं आणि दोन कळा दाबून बाहेर पडायचं. आपण लॅपटॉप मिटला, घरातली वीज गेली, तरी आत काम चालूच. मग हवं तेव्हा यायचं, नावाने हाक मारायची, की खोली जशी सोडली होती तशी समोर हजर. सुटं व्हायचं, जोडून घ्यायचं. अशा पाच-सहा खोल्या एकदम चालवणं हा तिचा हातखंडा होता. नव्या लोकांसाठी संस्थेची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यातलं ह्या विषयावरचं आठवं प्रकरण तिनेच लिहिलेलं. जाड अक्षरांत सूचना द्यायची तिला भारी हौस.

घरातही तिची कामं अशीच सुटी पडलेली असायची. धुलाईयंत्रात कालचे कपडे, खिडकीत सकाळचा चहा, न्हाणीघरात त्याच्याही आधीचा चहा, अर्ध्या हाताला लावलेलं क्रीम. फरक एवढाच, की यंत्रावर सोडून दिलेलं काम आपोआप पुढे जातं आणि घरात सोडून दिलेल्या चहावर साय येते.

बुधवारी बारा वाजता भुंगी झोपली. भुंगी म्हणजे तिची आठ महिन्यांची लेक. झोप यायला लागली की नाकातून गुणगुणायची, म्हणून भुंगी. गुणगुण थांबली, हात सुटला, मनगट सुटलं, कोपर सुटलं. ती पाय न वाजवता टेबलाशी आली आणि संस्थेच्या यंत्रांत शिरली.

आत शिरायला दोन दारं होती. दारं म्हणजे दोन लहान यंत्रंच, उंबरठा-एक आणि उंबरठा-दोन. ज्या दाराशी गर्दी कमी त्या दाराने तुम्हाला आपोआप आत घेतलं जाई, आणि कुठून आलात ते कळावं म्हणून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दाराचा नंबर दिसे. तो नंबर ती दिवसातून हजार वेळा बघायची. म्हणजेच ती तो कधीच बघत नव्हती.

तिने पाच खोल्या उघडल्या. 'नदी', ह्यात पानं आणायचं मुख्य काम. 'चाळणी', आलेली पानं तपासायला. 'नाडी', म्हाताऱ्या यंत्राची तब्येत बघायला. 'अडगळ', जिचा उपयोग तिलाही माहीत नव्हता. आणि 'माझं'. ह्या शेवटच्या खोलीत कामाचं काहीच नव्हतं, नुसतं एक कोरं पान होतं. त्यावर ती मधूनमधून भुंगीला उद्देशून दोन ओळी लिहायची. वही-पेन शोधायला दोन हात लागतात आणि तिच्याकडे क्वचितच दोन असायचे.

'नदी'त तिने काम लावलं. म्हातारं यंत्र जुन्या वळणाचं. ते सगळी पानं एका दमात द्यायचं, आणि मधे तुटलं तर रुसून पहिल्या पानापासून सुरुवात करायचं. हिशोबाने बावन्न तास लागणार होते. म्हणजे शुक्रवारी चार. पाचला यंत्र बंद. एका तासाची सवड. एंटर मारला, आकडा हलला, आणि तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग ती 'माझं'मध्ये गेली आणि लिहायला लागली, "आज तू पहिल्यांदा", तेवढ्यात आतून गुणगुण नव्हे, चांगला भोंगा झाला. दोन कळा दाबून ती सुटी झाली आणि धावली.

लॅपटॉपच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती: कडेवर मूल असताना पुसायचं नाही. ही चिठ्ठी तिच्याच हस्ताक्षरातली. रजेवरून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी तिने भुंगीला कडेवर घेऊन एका हाताने 'जुनं पुसून टाक' अशी कमांड लिहिली होती, भुंगीने तिच्या कानातलं ओढलं होतं, आणि 'जुनं'च्या जागी भलतंच गेलं होतं. नशिबाने त्याची दुसरी प्रत होती. तेव्हापासून हा नियम. घरातला हा एकच नियम ती पाळायची.

सासूबाई रविवारीच आल्या होत्या, आठवडाभरासाठी. नवरा कामानिमित्त परगावी, म्हणून त्यानेच आईला बोलावून घेतलेलं. सासूबाईंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. आवाज असा, की शेजारच्या खोलीतून हळूच काही म्हणाल्या तरी ते ट्रंक कॉलसारखं स्वच्छ ऐकू यायचं. भुंगीला त्या डाव्या हातावर अशा काही पेलायच्या, की जणू ती मूल नव्हे, हेडफोन आहे.

"काय बघतेस गं त्यात एवढं?" गुरुवारी दुपारी त्यांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं. "काळ्या पडद्यावर पांढऱ्या मुंग्या नुसत्या."

"काम चाललंय, आई."

"तू तर काहीच करत नाहीयेस."

"मी नाही, ते करतंय. मी नुसतं बघून घेतेय."

"अस्सं," सासूबाई म्हणाल्या. ह्या 'अस्सं'चे तिने पुढचा तासभर वेगवेगळे अर्थ लावले, आणि एकही अर्थ तिच्या बाजूचा निघेना. घरात मूल रडतंय, धुणं पडलंय, आणि सून मुंग्या बघतेय. तिला वाटलं, समजावून सांगावं. पण सत्तरीच्या बाईला सेशन म्हणजे काय हे कसं सांगायचं? आठवं प्रकरण वाचायला द्यायचं का? त्यापेक्षा उठून तिने धुणं काढलं. ते दोन दिवसांचं होतं आणि त्याला तळ्यासारखा वास येत होता, म्हणून पुन्हा लावलं.

शुक्रवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मोठ्या बाईंचा निरोप आला: "कुठवर? झटपट विचारतोय."

झटपट विचारतोय म्हटल्यावर तिला स्फुरण चढलं. रात्री मोडेमने मान टाकली होती, ते बंद करून चालू केलं होतं, त्यामुळे तिला संस्थेत नव्याने शिरावं लागलं. त्यात काय मोठंसं! भुंगी कडेवर, एक हात मोकळा. शिरली. 'नदी'ला हाक मारली.

अशी खोली नाही, यंत्राने सांगितलं.

तिने नाव पुन्हा लिहिलं. एका हाताने लिहिताना चुकतं कधी. अशी खोली नाही. मग तिने सगळ्या खोल्यांची यादी मागितली. एकही खोली नाही.

'नदी' नाही. 'चाळणी' नाही. 'नाडी' नाही. 'अडगळ'सुद्धा नाही. आणि 'माझं' नाही. सेहेचाळीस तासांचं काम रातोरात पुसलं गेलं होतं आणि ती सकाळी भुंगीला कुस्करलेलं केळं भरवत "कोण गं शहाणी, कोण गं शहाणी" करत बसली होती. शहाणी कोण नव्हतं ते आता स्पष्ट झालं.

तिने नव्या यंत्रात डोकावून पाहिलं. पानांचा अर्धवट ढीग तिथे पडलेला होता. आकडा पाहिला, हलत नव्हता. खरं तर म्हातारं यंत्र पानं घासाघासाने पाठवायचं, दोन घासांमध्ये पाच-सात मिनिटं चावत बसायचं, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिने एकदाच पाहिलं, आणि मेलं असं ठरवून टाकलं. झटपटनेही ह्याहून जास्त वेळ घेतला असता.

आता? पहिल्यापासून लावायला बावन्न तास नव्हते, साडेसहा होते. साडेसहा तासांत फार तर शेवटची दहा वर्षं येतील, त्यांचे फोटो आकाराने लहान म्हणून. पन्नास वर्षं काठावर उभं राहिलेली ती सगळी माणसं जातील, आणि झटपट बरोबर ठरेल. ह्यातलं जास्त काय लागतंय हे तिने स्वतःला विचारलं नाही. उत्तर शोभणारं नव्हतं. पण दहा वर्षं आणायची तरी आधी हा अर्धवट ढीग पुसायला हवा होता, कारण मधे तुटलेला ढीग उघडतच नसे आणि नव्या यंत्रात दोन ढिगांना जागा नव्हती.

तिने 'नदी-२' नावाची नवी खोली उघडली. मोठ्या बाईंना निरोप लिहून ठेवला: "काम मधे तुटलं. पूर्ण होणार नाही. दहा वर्षांपुरतं करते आहे. पुढचं झटपटकडे द्या. मला हलकं चालेल." तो पाठवला मात्र नाही. म्हटलं, आधी पुसू, मग पाठवू. दोन्ही नामुष्क्या एका रांगेत उभ्या करू. मग खोलीत ओळ लिहिली: ह्या ढिगातलं सगळं पुसून टाक, मला विचारत बसू नकोस. बोट एंटरवर गेलं.

कडेवरून भुंगीने पुढे झुकून पिवळ्या चिठ्ठीचा कोपरा धरला आणि टर्रकन ओढला. अर्धी चिठ्ठी तिच्या मुठीत, तिथून तोंडात. राहिलेल्या अर्ध्यावर 'पुसायचं नाही' एवढंच उरलं.

"अगं, थुंक! थुंक ते!" तिने बोट तोंडात घालून कागद बाहेर काढला. नियम म्हणजे नियम. आयुष्य उद्ध्वस्त करायचं तर निदान दोन्ही हातांनी करावं. ती भुंगीला सासूबाईंकडे द्यायला स्वयंपाकघरात गेली.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. हिचा चेहरा पाहून त्यांनी शेंगा बाजूला केल्या.

"काय झालं गं?"

"काही नाही. हिला घ्या जरा."

"काही नाही म्हणणाऱ्याचं तोंड असं नसतं. त्याचा फोन आला का? बरा आहे ना तो?"

"तो बरा आहे, आई. माझं काम गेलं." आणि मग तिला थांबता येईना. "बुधवारपासून लावलं होतं. तुम्ही मुंग्या म्हणालात ना, ते. मी एक खोली उघडून त्यात लावलं होतं, म्हणजे खरी खोली नव्हे, समजा फोन होल्डवर ठेवतात तसं. आपण उठून गेलो तरी लाइन चालू राहते. आता जाऊन बघते तर लाइनच नाही. एकही नाही. सगळ्याच गेल्या. नावाने हाक मारली तर म्हणतंय, इथे असं काहीच नाही."

"इथे म्हणजे कुठे?"

"इथे म्हणजे तिथे. तिकडच्या यंत्रावर."

सासूबाईंनी भुंगीला डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताने हवेतच एक अदृश्य वायर उपसून दुसऱ्या अदृश्य भोकात खुपसली. तीस वर्षांचा हात, विचार करताना आपोआप चालायचा.

"आमच्याकडे ट्रंकला दोन बोर्ड होते," त्या म्हणाल्या. "एक खिडकीशी, एक पंख्याखाली. जेवून आलं की ज्या बोर्डापाशी खुर्ची रिकामी तिथे बसायचं. मी नवी होते गं, विशीतली. एका गृहस्थांचा कॉल होल्डवर ठेवला आणि गेले जेवायला. परत येऊन बसते, बघते, तर माझा दिवाच नाही! एकही दिवा नाही. माझी पाचावर धारण बसली. मी कट केला म्हणून रडायलाच लागले. तर आमच्या सुपरवायझर बाई, फार खाष्ट, त्यांनी माझी मान अशी धरली आणि वळवली खिडकीकडे. तिकडे माझा दिवा लुकलुक लुकलुक. मी बसले होते पंख्याखाली! आणि ते गृहस्थ बिचारे अर्धा तास हॅलो हॅलो करतायत."

त्या हसायला लागल्या. भुंगी पण हसली. तिला आजी हलली की हसू यायचं.

"म्हणून विचारते," सासूबाई म्हणाल्या, "तू लावलंस तेव्हा कुठल्या बोर्डावर बसली होतीस?"

नळ ठिबकत होता.

"आई," ती म्हणाली, "मी गाढव आहे."

"असू दे. पण कुठल्या?"

उत्तर द्यायला ती थांबलीच नाही. टेबलाशी पोचेपर्यंत वाटेत तिने धुण्याची बादली आणि एक खुळखुळा लाथाडला. स्क्रीनवर, तिने लिहिलेल्या त्या भयंकर ओळीच्या सुरुवातीला, दाराचा नंबर ठळक दिसत होता. उंबरठा-दोन. सेहेचाळीस तासांपूर्वी ती एक नंबरच्या दाराने आत गेली होती. तिच्या खोल्या एकच्या अंगणात होत्या आणि ती दोनच्या अंगणात उभी राहून त्यांच्या नावाने गळा काढत होती.

तिने दुसरी काळी खिडकी उघडली, एक नंबरचं दार मुद्दाम नाव घेऊन ठोठावलं आणि यादी मागितली. नदी. चाळणी. नाडी. अडगळ. माझं. पाचही जणी रांगेत उभ्या, जशा काही विचारत होत्या, कुठे होतात बाई?

'नदी'शी जोडून घेतलं. अठ्ठ्याऐंशी टक्के. ती बघत असतानाच म्हाताऱ्याने एक घास गिळला आणि आकडा हलला. तिचा जीव भांड्यात पडला. आणि पडताना त्याला दिसलं, की एक एंटर दाबला असता तर हे अठ्ठ्याऐंशीच्या अठ्ठ्याऐंशी टक्के तिने स्वतःच्या हाताने पुसले असते. काम कुणीच तोडलं नव्हतं. ती तोडायला निघाली होती.

'माझं'मध्येही ती गेली. तिथे कर्सर लुकलुकत होता: "आज तू पहिल्यांदा". बुधवारी भुंगीने पहिल्यांदा काय केलं होतं? तिने डोकं खाजवलं, त्यात कंगवा सापडला, पण उत्तर नाही. बसली असेल आधाराशिवाय? 'मा' म्हणाली असेल? इतकं महत्त्वाचं, की धावत येऊन लिहायला घेतलं, आणि आता पाटी कोरी. तिने ते वाक्य तसंच राहू दिलं.

मग तिने मार्गदर्शिकेतलं आठवं प्रकरण उघडलं. तिसऱ्या परिच्छेदात, जाड अक्षरांत, तिच्याच शब्दांत लिहिलेलं होतं: खोली सापडली नाही तर घाबरू नका. काहीही पुसू नका. आधी दाराचा नंबर बघा. पुढे तिने कंसात लिहिलं होतं, "नवशिके ही चूक हमखास करतात." तिने कंस पुन्हा वाचला. मग 'नवशिके' खोडून तिथे 'सगळेच' केलं. मग तेही खोडलं आणि प्रामाणिकपणे 'हे लिहिणारी' केलं.

सासूबाई भुंगीला घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"सापडला दिवा?"

"सापडला. खिडकीपाशीच होता."

"दाखव मला. कुठला तो?"

तिने आकड्यावर बोट ठेवलं. सासूबाईंनी चष्मा वर-खाली करून निरखून पाहिलं. आकडा हलला तशी त्यांनी मान डोलावली.

"मला वाटायचं तू नुसती बघत बसतेस," त्या म्हणाल्या. "आम्हालाही लोक तेच म्हणायचे. नुसत्या बसून बोलतात म्हणे. अगं, बसून लाइन राखणं म्हणजे काय ते त्यांना काय कळणार! माझा सासरा तर..." पण सासऱ्याचं काय ते त्यांनी गिळून टाकलं आणि खुर्ची ओढली. "जा, दोन घास खा. मी बघते."

मोठ्या बाईंना तिने उत्तर पाठवलं: "नव्वदला आलंय. चारपर्यंत होईल." हलक्याचा तो निरोप न पाठवलेला तसाच पडून राहिला. भुंगी आता तिच्या मांडीवर होती, म्हणजे पुसायचं नव्हतं.

दोन वाजता शहाण्णव. तीनला अठ्ठ्याण्णव. साडेतीनला भुंगी गुणगुणायला लागली. ती तिला घेऊन आत गेली, हात मानेखाली ठेवून आडवी झाली. गुणगुण थांबली. आता बोटं सैल करायची, मग मनगट, मग... दोन दिवस आणि दोन रात्री जिच्यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवली, ती नदी पैलतीराला लागली तेव्हा खिडकीबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

"ऊठ गं," सासूबाईंनी खांद्याला हलवलं. "चार वाजून सात मिनिटांनी शंभर झाले. मी लिहून ठेवलंय." त्यांच्या हातात खरंच चिठ्ठी होती, वेळ टाकलेली, खाली रेघ मारलेली. ऑपरेटरची सवय. "आता साडेचार झालेत."

"मग तेव्हाच का नाही उठवलंत?"

"तुझीही लाइन लागली होती कुठेतरी. म्हटलं, कट नको करायला."

तिने धावत जाऊन मोजणी लावली. म्हाताऱ्याकडची पानं आणि नव्याकडची पानं, दोन्हीकडे अकरा लाख, चौतीस हजार, दोनशे नऊ. एक पान कमी नाही, एक जास्त नाही. पाचला बारा मिनिटं असताना तिने निरोप पाठवला: "झालं. साठही वर्षं."

मोठ्या बाईंचं उत्तर लगेच आलं. "छान! झटपटचं तोंड बघण्यासारखं झालंय. दमली असशील. पुढचे काही दिवस हलकं देऊ का?"

"नको," तिने लिहिलं. "जडच द्या."

भुंगी जागी होऊन कडेवर आली होती. तिला घेऊनच ती उंबरठा-दोनवर, 'नदी-२' ह्या खोलीत शिरली. सोडली होती तशीच होती सगळी. ती ओळ अजून उभी होती: ह्या ढिगातलं सगळं पुसून टाक, मला विचारत बसू नकोस. शेवटी कर्सर लुकलुकत होता, सकाळपासून, एका एंटरची वाट बघत. भुंगीला लुकलुकणारं काहीही आवडायचं. तिने दोन्ही हात पुढे केले, दहाही बोटं पसरून, थेट कळांच्या दिशेने.

"आई!" तिची किंकाळीच निघाली. "हिला घ्या, हिला घ्या आधी!"

"का गं, आता काय?"

"पुसायचंय."

सासूबाईंनी हात पुसत येऊन नातीला उचललं. मग तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि ती ओळ उलट्या बाजूने खोडायला सुरुवात केली, एकेक अक्षर, शेवटापासून आरंभाकडे, एंटरच्या कळेपासून करंगळी चार बोटं लांब ठेवून. ओळ संपली. रिकामी खोली बंद केली. त्यानंतर हलक्याचा तो निरोपही खोडला.

संपलं. टेबलावर अर्धी पिवळी चिठ्ठी होती आणि दुपारचा चहा होता, साय धरलेला. तिचे दोन्ही हात मोकळे होते. आठ महिन्यांत असं किती वेळा झालं असेल? ती त्यांच्याकडे पाहत बसली. मग उठली आणि सासूबाईंसमोर हात पसरून म्हणाली, "द्या तिला इकडे."